तेरा वर्षांचं लेकरू, दोन किलो जास्त

पत्र बरंच मोठं आहे, मुद्द्याचं तेवढं ठेवलंय, गावाचं नाव काढून टाकलंय.

"मॅडम, आम्ही परभणी जिल्ह्यात तालुक्याच्या गावी राहतो. मुलगा आठवीला, तेरा पूर्ण झालेत. आधी गल्लीत कबड्डी खेळायचा, सहावीत शाळेच्या टीममध्ये घेतलं. चढाई चांगली करतो, सर म्हणतात याच्यात मटेरियल आहे. आमचे हे पण पूर्वी खेळायचे, विभागापर्यंत गेलते, मग घरची जबाबदारी आली आन् सुटलं. आता मोंढ्यात अडतीवर मुनीम आहेत. मागच्या वर्षी पोरगं जिल्ह्याला सेमीफायनल हरलं तर येताना गाडीवर चाळीस किलोमीटर हे त्याच्याशी एक शब्द बोलले नाहीत. यंदा १४ वर्षांखालच्या गटात त्याचं शेवटचं वर्ष आणि वजन गटापेक्षा दोन किलो जास्त भरायलंय. सर म्हणाले पंधरा दिवसांत कमी कर, ऑलिम्पिकचा पैलवान एका रात्रीत साडेचार किलो कमी करतो, तुला दोन होईनात? तवापासून रात्री चतकोर भाकर खातो, दुपारच्या उन्हात रेनकोट घालून पळतो आणि संध्याकाळी हे त्याला अडतीवर नेऊन सोयाबीनच्या काट्यावर उभं करतात. परवा मोरीत बसून नुसता थुंकत होता, म्हणलं काय झालं रे, तर म्हणे थुंकलं की वजन उतरतं. गुडघा दुखायलाय म्हणतो पण पप्पाला सांगू नको म्हणतो. माझा भाऊ म्हणतो खेळबीळ बंद करा, लातूरला नीटच्या फाउंडेशन क्लासला टाका. हे म्हणतात बीडच्या त्या क्रिकेटर सचिन धसचं बघ, बापानं लहानपणीच ठरवलं म्हणून झालं. मला काही कळेना. या स्पर्धांनी लेकरांचं भलं होतंय का वाटोळं? काढू का त्याला?"

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळेस त्या मोरीपाशी अडकले. बाकीचं सगळं मी तीस वर्षं पीटीची बाई म्हणून पाहिलंय, स्वतः केलंय पण (ते पुढं सांगते), पण तेरा वर्षांचं लेकरू मोरीत बसून थुंकी मोजायलंय हे वाचून पोटात कालवलं.

भलं का वाटोळं ते नंतर बघू, आधी आजचं काम. हे वजन कमी करणं आजच्या आज बंद करायचं. पंधरा दिवसांनी नाही, स्पर्धा झाल्यावर तर नाहीच नाही. दाजी घरी आले की हे पत्र त्यांनाच वाचायला द्या, कारण ही गोष्ट तुमच्या-माझ्यापेक्षा त्यांना लवकर कळेल, ते मोंढ्यातले आहेत. दाजी, तुमच्याकडं सोयाबीन येतं तेव्हा मॉइश्चर बघता ना, बारा टक्क्यांच्या वर लागलं की भाव पाडता नाहीतर वाळवून आणा म्हणता. शेतकरी बिचारा चार दिवस ऊन दाखवतो आणि कट्टं हलकं होतं. कमी काय झालं? दाणा तेवढाच आहे, पाणी गेलं. तुमच्या पोराचं पण नुसतं पाणीच चाललंय, रेनकोट घालून पळाल्यानं चरबी जळत नाही, घाम जातो, आणि पाणी प्यालं की काटा परत वर. फरक एवढाच की सोयाबीनला चक्कर येत नाही. अंगाच्या वजनाच्या दोन टक्के पाणी कमी झालं तरी पळणं-बिळणं, दम, लक्ष सगळं मंद पडतं, म्हणजे पन्नास किलोच्या पोराला एक किलो घाम खूप झाला. तुम्ही त्याला दोन किलो वाळवून मॅटवर उतरवणार आणि वर म्हणणार की चढाईत दम का लागायलाय.

आणि हे लेकरू आत्ता वाढीला लागलंय. मुलांची उंची सगळ्यात झपाट्यानं वाढते ती साधारण तेरा-चौदाच्या आसपास, त्या एका वर्षात आठ-दहा सेंटिमीटर सहज जातात, पँट दिवाळीला घेतली तर उन्हाळ्यात घोट्याच्या वर येते. अशा वर्षात वजन वाढणारच, वाढलंच पाहिजे. त्या दोन किलोत हाडं आहेत, मांस आहे. आणि त्याच महिन्यात तुम्ही त्याला चतकोर भाकरीवर ठेवलंय.

सरांनी जो पैलवान सांगितला तो अमन सेहरावत, पॅरिसला २०२४ मध्ये ५७ किलोत ब्रॉन्झ घेतलं त्यानं, आणि मॅचच्या आधी रातोरात साडेचार किलोच्या वर वजन उतरवलं ही बातमी खरी आहे. पण तो एकवीस वर्षांचा, वाढ पूर्ण झालेला, सोबत कोच आणि आख्खी टीम रात्रभर जागी. त्याच पॅरिसला त्याच आठवड्यात विनेश फोगटचं काय झालं ते सर विसरले का? रात्रभर घाम काढला, केस कापले, तरी सकाळी १०० ग्रॅम जास्त भरलं, फायनल गेली आणि बाई दवाखान्यात सलाईनवर. अमेरिकेत १९९७ ला कॉलेजचे तीन पैलवान साधारण महिनाभरात मेले, असंच अंगात रबरी सूट घालून वजन उतरवताना, त्यानंतर तिकडं नियमच बदलले. आपल्याकडं त्या रबरी सुटाच्या जागी रेनकोट आहे एवढंच. सप्टेंबरचं ऊन तुम्हाला माहितीये, पावसानं दडी मारली की मे महिन्यासारखं भाजतं.

लघवी गडद पिवळी होते का, डोकं दुखतं का, उठल्यावर डोळ्यांपुढं अंधारी येते का हे त्याला एकट्याला विचारा. लिंबू-मीठ-साखरेचं पाणी द्या, मेडिकलमधलं ओआरएस आणलं तर उत्तम. चक्कर येऊन पडला किंवा उलट्या सुरू झाल्या तर घरी बसू नका, लगेच दवाखाना.

गुडघ्याचं. तुम्ही लिहिलंय वाटीच्या खाली दुखतं आणि तिथं हाताला टेंगूळ लागतं. वाढत्या वयातल्या, उड्या मारणाऱ्या, उठबस करणाऱ्या पोरांत हे लई बघितलंय मी. मांडीचा मोठा स्नायू ज्या नसेनं नडगीच्या हाडाला बांधलेला असतो ती नस तिथल्या कच्च्या, वाढत्या हाडाला ओढ देते आणि ते सुजतं. याला इंग्रजी लांबलचक नाव आहे, डॉक्टर सांगतील. बहुतेक वेळा वाढ पूर्ण झाली की आपोआप बसतं, तोवर उड्या-बैठका कमी करायच्या, खेळून आल्यावर बर्फ लावायचा. पण हे मी पत्रावरून म्हणायलेय, हाडांच्या डॉक्टरला एकदा दाखवाच, आणि रात्री झोपेतून उठून रडण्याएवढं दुखत असेल, गुडघा फुगला असेल किंवा लंगडत असेल तर उद्याच दाखवा. आणि लेकरू "पप्पाला सांगू नको" म्हणतं ना, हे मला गुडघ्यापेक्षा जास्त टोचलं. दुखणं लपवणारा खेळाडू शूर वाटतो लोकांना, मलाही वाटायचा एकेकाळी.

आता माझं सांगते. मी खो-खो शिकवायचे, मुलींना. एका वर्षी विभागाला आमची टीम होती, कोणतं वर्ष ते जाऊ द्या. माझी सगळ्यात चांगली पोरगी, अंगानं काडी, पण पोल मारून अशी वळायची की समोरची हातच झटकत राहायची. उपांत्य सामन्यात तिचा घोटा मुरगळला. मी स्प्रे मारला, क्रेप बँडेज आवळून बांधलं आणि तिला विचारलं, "पळशील ना?" आता बघा, हा प्रश्नच नव्हता. सगळी टीम बघायलीय, मॅडम गुडघ्यावर बसून हात धरून विचारायलेत, बारा वर्षांची पोरगी नाही कशी म्हणणार? ती फायनल पळाली, आम्ही एका गुणानं जिंकलो, मी शाळेत मिरवले. तिचा घोटा पुढं तीन महिने बरा झाला नाही आणि ती परत मैदानावर आली नाही, वर्गात दिसली की खाली बघून जायची. सर्टिफिकेट न्यायला पण आली नाही. ते माझ्या फाईलमध्ये राहिलं, दोनदा बदली झाली तरी फाईलबरोबर हिंडतंय. त्या सरांना मी नावं ठेवायलेय असं तुम्हाला वाटू नये म्हणून हे लिहिलं. सर वाईट माणूस नसेल. वीस पोरांतनं टीम काढायची, हेडमास्तर विचारणार शाळेचं नाव कुठवर गेलं, आणि हाताशी एक चांगला रेडर, तो दोन किलोनं बाहेर जायलाय. मीही त्याच जागी बसलेय.

तरीपण ताई, स्पर्धा वाईट असं मी म्हणणार नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या आईबापाच्या मुली मी बघितल्यात, दिवाळी झाली की पोरगी शाळेतनं गायब, फडावर भावंडं सांभाळायला. त्यातल्या काही नुसत्या टीममध्ये होत्या म्हणून आजीपाशी थांबल्या, कारण "पुढच्या महिन्यात जिल्ह्याची मॅच हाय" हे सांगायला त्यांच्यापाशी एक कारण होतं, आणि बाप शिक्षणासाठी ऐकला नसता तो मॅचसाठी ऐकला. नुसतं "खेळा बाळांनो, हरलं-जिंकलं काही नसतं" म्हणलं असतं तर कोण थांबलं असतं? मॅचची तारीख, समोरची टीम, हरण्याची भीती, हे सगळं होतं म्हणून त्या पहाटे पाचला मैदानावर यायच्या. धाराशिवच्या सारिका काळेचं नाव तुम्ही ऐकलं असेल, गरिबीतनं वर आली, भारताची कॅप्टन झाली, २०२० ला खो-खोसाठी अर्जुन पुरस्कार मिळाला आणि तिकडंच तुळजापूरला क्रीडा अधिकारी झाली. हे स्पर्धेशिवाय झालं नसतं. पोरं हरायला शिकतात हे पण खरं आहे, पण त्याला एक अट आहे. हरलेली मॅच त्यांची स्वतःची पाहिजे. तुमच्या पोरानं मागच्या वर्षीची सेमीफायनल हरली तेव्हा ती मॅच त्याच्याकडं राहिलीच नाही, गाडीवर बसल्या बसल्या दाजींनी ती घेऊन टाकली.

त्या चाळीस किलोमीटरबद्दल दाजींना बोलायचंय. दाजी, तुम्ही शिव्या दिल्या नाहीत, मारलं नाही, त्यामुळं तुम्हाला वाटत असेल मी काय केलं. मागं बसलेल्या पोराला तुमची नुसती पाठ दिसत होती. चाळीस किलोमीटर म्हणजे आपल्या रस्त्यांनी सव्वा तास. सव्वा तास ते लेकरू त्या पाठीकडं बघून काय काय हिशोब करत असेल? मला वाटतं यंदाचा रेनकोट तिथं शिवला गेलाय. तो वजन सरांसाठी कमी करत नाहीये. तुम्ही विभागापर्यंत गेलता, पुढं जाता आलं नाही, घर उभं केलं, त्याचं वाईट वाटत असेल तर ते खरंच वाईट आहे, त्याला कोणी हसू नये. पण ते तुमचं आहे. चाळिशीच्या माणसांच्या कबड्डीच्या मॅचा गावोगाव जत्रेत होतात, तिथं उतरा, खरंच सांगते, दम लागेल तेव्हा चढाई काय असते ते परत आठवेल.

यामागं सर्टिफिकेटचं गणित पण आहे, ते मला कळतं. दहावीला खेळाचे वाढीव गुण आहेत, सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पोलीस भरतीला पळणारी निम्मी पोरं तुमच्या-आमच्या घरातली. जिथं कोरडवाहू चार एकरवर सोयाबीन आणि भाव पडलेला, तिथं बाप सर्टिफिकेटकडं बघणारच, यात लाजायचं काही नाही. म्हणून तर बोगस सर्टिफिकेटांची प्रकरणं पेपरात येऊन गेली, ज्याला किंमत असते त्याचीच नक्कल होते. पण जरा मोजून बघा. आधी तालुका, मग जिल्हा, मग विभाग, मग राज्य. राज्याला आठ विभागांतल्या टीमा, त्यातनं महाराष्ट्राची एक टीम निघते ती बारा जणांची. आठवीतल्या पोराच्या एका जिल्ह्याच्या मॅचवर नोकरी उभी करायची म्हणजे पहिल्या पावसावर पेरून मोकळं होण्यासारखं आहे, साधलं तर साधलं, नाहीतर दुबार. आणि इथं बियाणं एकच आहे.

आता सचिन धसचं. बीडचाच पोरगा, बापानं तेंडुलकरवरून नाव ठेवलं, लहानपणापासून क्रिकेटच डोक्यात, आणि २०२४ च्या अंडर-१९ वर्ल्डकपला सेमीफायनलला दक्षिण आफ्रिकेविरुद्ध ९६ काढले तेव्हा माझ्याही घरात टीव्हीपुढं सगळे उभे होते. झालं ना असं, मी नाही कुठं म्हणतेय. पण बापानं ठरवलं आणि झालं त्याचं नाव आपल्याला माहितीये, बापानं ठरवलं आणि नाही झालं अशांची नावं कोण सांगणार. त्याच बीड जिल्ह्यातला दुसरा घ्या की. आष्टी तालुक्यातलं मांडवा, अविनाश साबळे. आईबाप वीटभट्टीवर, शाळा सहा किलोमीटर लांब, पोरगं चालत-पळत जायचं, ना कोच ना बूट. बारावीनंतर मिलिटरीत गेला, सियाचिनला राहून आला, आणि स्पर्धेतलं पळणं सुरू केलं ते २०१५ ला, म्हणजे विशी गाठल्यावर. तेव्हा वजन वाढलेलं होतं, ते त्यानं कमी केलं, पण मोठा माणूस होऊन, स्वतःच्या मनानं. पुढं २०२२ ला बर्मिंगहॅमच्या कॉमनवेल्थला ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये सिल्व्हर घेतलं, ज्या शर्यतीची तिन्ही मेडलं १९९८ पासून दरवेळी केनियाच घेऊन जायचा, आणि गोल्ड हुकलं ते सेकंदाच्या वीसाव्या हिश्श्यानं. पुढच्या वर्षी एशियन गेम्सला गोल्ड. तेराव्या वर्षी त्याला कोणी काट्यावर उभं केलं नव्हतं. मी असं म्हणत नाही की कोचिंग नको, लवकर सुरू करू नका. एवढंच म्हणतेय की तेराव्या वर्षी गाडी सुटली असं काही नसतं.

उलट एक धोका तुम्ही कोणी बघत नाही आहात, तो सांगते. तुमचा मुलगा आज गटातला थोरला आहे. वयाची तारीख धरून गट पडतात, त्यामुळं एकाच गटात बारा महिन्यांनी लहान-मोठी पोरं सोबत येतात, आणि या वयात बारा महिने म्हणजे चार बोटं उंची आणि पाच-सात किलो. निवड करणाऱ्याला मोठं पोरगं हुशार दिसतं. जगभर फुटबॉल, हॉकी, सगळीकडं हे मोजून बघितलंय, निवडलेल्या पोरांत वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेलीच जास्त निघतात. (आपल्याकडं मास्तरांनी निम्म्या मराठवाड्याला १ जूनला जन्माला घातलंय, माझा पण कागदावरचा वाढदिवस १ जूनच, त्यामुळं आपल्यात खरं वय शोधणं हा वेगळाच खेळ आहे.) तुमचं लेकरू वाढीला पण लवकर लागलंय. पुढच्या वर्षी ते १७ वर्षांखालच्या गटात जाईल तेव्हा समोर सोळा वर्षांची, मिशा फुटलेली पोरं असतील, आणि आजवर जी चढाई ताकदीवर निघून जायची ती अडकणार, घोट्यात पकड बसली की सुटायची नाही. तेव्हा तो हरेल. वर्षभर हरेल. बरीच चांगली पोरं इथंच खेळ सोडतात, कारण आठवीपर्यंत त्यांना सांगितलेलं असतं की तू जिंकतोस म्हणून तू कोणीतरी आहेस. तेव्हा यंदाचं वर्ष वजनात घालवण्यापेक्षा पायाचा वेग, हाताचा टच, बोनस कधी घ्यायचा आणि कधी सोडायचा, हे शिकण्यात घालवलं तर पुढच्या वर्षी बारकं पोरगं म्हणून पण टिकेल.

भावाचं ऐकू का विचारलंय. ताई, खेळाच्या स्पर्धेनं लेकरं खराब होतात म्हणून त्याला लातूरला पाठवायचं, म्हणजे आगीतनं फुफाट्यात. तिकडं काय स्पर्धा नाही? दर आठवड्याला टेस्ट, भिंतीवर रँक, आठवीपासून नीटची तयारी, रूमवर मेसचा डबा, आणि तिथं तर पळायला पण मिळत नाही. मला आजवर दहा आयांनी विचारलंय मॅडम खेळानं नुकसान होतं का, क्लासनं होतं का हे एकीनं विचारलेलं नाही. अभ्यास करू द्या त्याला, इथंच करू द्या, लातूर अकरावीला कुठं पळून जात नाही.

तर काढू नका त्याला. पण यंदाची जिल्ह्याची स्पर्धा सोडा. तो वजनात बसत नाही, संपला विषय. सरांना तुम्ही एकट्या जाऊन सांगू नका, दाजींना घेऊन जा आणि बोलू द्या दाजींनाच, कारण सर बाईमाणसाचं ऐकून "आई लाड करते" म्हणतील. भांडू नका. एवढंच म्हणा की सर, लेकराची वाढ चालू आहे, डॉक्टरला दाखवायलोय, वजन कमी करणार नाही, यंदा टीमसोबत राहील, पाणी देईल, गुण लिहील, सरावाला येईल, पुढच्या वर्षी वरच्या गटात खेळेल. चांगला सर असेल तर ऐकेल. टीममधनंच काढून टाकतो म्हणाला, तर तुम्हाला सराबद्दल जे कळायचं ते फुकटात कळलं.

सराव किती, तर एक साधा ठोकताळा सांगतात, आठवड्यात जितके तास सराव तितकं तरी वय पाहिजे, म्हणजे तेरा वर्षांच्याला तेरा तास, त्याच्या वर नाही. आठवड्यातनं एक-दोन दिवस पूर्ण सुट्टी, आणि वर्षातनं दोन-तीन महिने कबड्डी बंद करून दुसरं काहीतरी. अमेरिकेतले लेकरांचे डॉक्टर पण सुट्टीबद्दल हेच सांगतात. आपल्याकडं तर हे आपसूक व्हायचं हो, उन्हाळ्यात विहिरीत पोहायचं, सुगीत शेतात, पावसाळ्यात चिखलात लोळायचं. आता एकच खेळ बारमाही झालाय, प्रो कबड्डी टीव्हीवर आल्यापासून तर विचारूच नका.

आणि लेकराला पण एकदा विचारा, दाजी घरी नसताना, स्वयंपाक करता करता, समोर बसवून नाही. "तुला खेळायचंय का" असं विचारू नका, हो म्हणेल, माझी ती पोरगी म्हणली तसं. त्यापेक्षा गुडघा बरा झाल्यावर बघा, सर नाहीत, पप्पा नाहीत, मॅच नाही, अशा रविवारी तो गल्लीत दुसऱ्या पोरांना हाक मारून रेघ मारतो का. मारली तर खेळ अजून त्याचाच आहे. पंधरा-वीस दिवस मारलीच नाही, तर मग मला परत लिहा, तेव्हा काढायचं का ते खरंच बघू.

दाजी, तुमच्यासाठी एकच काम. उद्या संध्याकाळी त्याला अडतीवर न्या, नेहमीच्या वेळेला, पण काट्यावर चढवू नका. कोपऱ्यावर भजी खाऊ घाला आणि तुमची ती विभागातली शेवटची मॅच सांगा, कशी हरलात ते. जिंकलेल्या त्यानं ऐकल्या असतील शंभरदा.

आणि ताई, आज रात्री भाकरी आख्खी वाढा, वर दूध द्या. नको म्हणाला तर जबरदस्ती करू नका, ताट तिथंच झाकून ठेवा आणि दिवा चालू ठेवून झोपा, ते उठेल. डॉक्टर गुडघ्याचं काय म्हणाले ते मात्र कळवा.